घरच्या गाडीसाठी कोड स्कॅनर: पाचशेचा, पाच हजारांचा की पंचवीस हजारांचा?

प्रश्न असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांकडे २०१४ची सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक आहे, तिला मागाहून बसवलेलं सीएनजी किट आहे. महिन्या-दोन महिन्यांनी चेक इंजिनची लाइट लागते. गॅरेजवाला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावतो, पैसे घेतो, लाइट घालवतो आणि ती परत येते. आता ते स्वतःच स्कॅनर घ्यायचं म्हणतात. ऑनलाइन पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटमध्ये खोचून मोबाइलवर बघायचा) दिसतो, चारेक हजारांचा हातात धरायचा स्कॅनर दिसतो, आणि एका दुकानदाराने पंचवीस हजारांचा टॅब्लेटवाला पुढे करून "एकदाच घ्या, सगळं येतं यात" असं सांगितलंय. कोणता घ्यावा?

आधी सरळ उत्तर देतो, कारण पुढे मी बराच फिरणार आहे. तुमच्या गाडीला आणि तुमच्या कामाला पंचवीस हजारांचा टॅब्लेट लागत नाही. दोन ते पाच हजारांतला, लाइव्ह डेटा (चालू इंजिनमधले सेन्सरचे आकडे) नीट दाखवणारा स्कॅनर किंवा चांगल्या चिपचा डोंगल घ्या आणि सोबत एक बरा डिजिटल मल्टिमीटर. पाचशेचा डोंगल चालेल का? काही गाड्यांवर चालतो, काहींवर मुकाट बसतो. ते गाडीच्या वयावर आहे.

खोक्यावर 'सर्व ओबीडी-टू गाड्यांसाठी' असं छापलेलं असतं. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून सांगायची यंत्रणा. अमेरिकेसाठी खोक्यावरचं ते खरं आहे. तिथे १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-टू सक्तीचं झालं आणि २००८पासून सगळ्या गाड्यांना कॅन प्रोटोकॉल, म्हणजे गाडीने स्कॅनरशी बोलायची एक ठरावीक पद्धत. आपल्याकडे ओबीडी आलं ते बीएस-फोर या उत्सर्जन मानकाच्या मागून, पहिला टप्पा एप्रिल २०१०ला आणि दुसरा एप्रिल २०१३ला. त्यातही सोलापूरकरांसाठी एक गंमत आहे. २०१०मध्ये बीएस-फोर देशभर नव्हतं, दिल्ली आणि तेरा शहरांपुरतं होतं, आणि त्या यादीत मुंबई-पुण्याच्या पंगतीला आपलं सोलापूर होतं. पूर्ण देशाला ते एप्रिल २०१७मध्ये लागलं. म्हणजे २०११-१२ची गाडी सोलापूर शहरात नवी घेतलेली असेल तर तिची गोष्ट वेगळी, आणि दुसऱ्या भागातून फिरत फिरत आपल्या बाजारात आलेली असेल तर वेगळी. एकच मॉडेल, एकच साल, पण एकीत स्कॅनर बोलतो आणि दुसरीत नाही, असं होऊ शकतं. सेकंडहँड गाडी असेल तर स्कॅनर घेण्याआधी सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर तिचं उत्सर्जन मानक बघून घ्या.

तुमची २०१४ची आहे, म्हणजे बहुतेक काळजी नाही. तरी टॉर्च घेऊन स्टीअरिंगच्या खाली वाका. सोळा पिनांचं, वरून रुंद आणि खालून अरुंद असं सॉकेट दिसेल. ४ आणि ५ नंबरची पिन अर्थ, १६ नंबर थेट बॅटरीचा प्लस. हे सगळीकडे सारखं. बघायचं ते ६, १४ आणि ७ कडे. ६ आणि १४ च्या घरात धातूची पिन दिसली तर गाडी बहुधा कॅनवर आहे आणि जवळपास कुठलाही डोंगल तिच्याशी बोलेल. ती दोन्ही घरं रिकामी आणि ७ भरलेलं असेल तर के-लाइन, म्हणजे बोलायची जुनी, हळू पद्धत. २०१० ते २०१४च्या बऱ्याच लहान गाड्या याच प्रकारच्या आहेत, आणि स्वस्त डोंगल मान टाकतो तो इथेच.

त्याचं कारण चिपमध्ये आहे. एल्म-३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२मध्ये बंदही झाली. बाजारात पाचशेला मिळतात त्या तिच्या नकला. त्यांच्यावर 'व्हर्जन १.५' असं ठळक लिहिलेलं असतं, आणि एल्मने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती! तरी १.५ची नक्कल त्यातल्या त्यात बरी निघते. '२.१' लिहिलेल्या बऱ्याच डोंगलमध्ये अर्ध्या कमांडच नसतात, आणि जुने प्रोटोकॉल गायब असतात. २०१०च्या आधीच्या कित्येक मारुतींमध्ये तर सुझुकीचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे. तिथे सॉकेट बसतं, डोंगलचा लाल दिवा लागतो, पण गाडी उत्तर देत नाही. त्या गाडीला मारुतीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनरच लागतो, घरच्या डोंगलचं ते काम नाही.

आता मुख्य मुद्दा. लोक स्कॅनर निवडताना तो किती कोड वाचतो ते विचारतात. कोड तर सगळेच वाचतात. इंजिनचे प्रमाणित कोड पाचशेचा डोंगलही वाचतो आणि पन्नास हजारांचा टॅबही तेच वाचतो. यंत्रमागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो, पण कुठला धागा तुटला ते विणकराला हात घालूनच शोधावं लागतं. कोडचं काम माग थांबवण्याइतकंच आहे. शोधायला लागतो लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनमध्ये प्रत्येक सेन्सर काय आकडा देतोय ते. तो किती झटपट येतो, ग्राफ दिसतो का, तीन-चार आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात का, नोंद साठवता येते का, हे विचारून स्कॅनर घ्या. आणि फ्रीझ फ्रेम दिसते का, तेही. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, लोड किती, हे गाडी स्वतः टिपून ठेवते. गॅरेजवाल्याने लाइट घालवली की ती नोंदही पुसली जाते. तुमची लाइट परत परत येण्यामागे हेही आहे: कारण शोधायचा पुरावाच दर वेळी फेकला जातोय.

लाइव्ह डेटा म्हणजे काय बघायचं, ते आपल्या गावाच्या हिशेबाने सांगतो, कारण परदेशी व्हिडिओंतले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इंजिन बंद, फक्त चावी ऑन. मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातला दाब, बघा. इंजिन फिरत नाही म्हणजे हा बाहेरच्या हवेचा दाब. व्हिडिओत १०१ किलोपास्कल सांगतात, तो समुद्रसपाटीचा आकडा. सोलापूर साडेचारशे मीटरच्या थोडं वर आहे, इथे ९६च्या आसपास दिसला पाहिजे. ९६ पाहून 'सेन्सर गेला' म्हणत नवा सेन्सर घेऊन येणारे लोक मी पाहिलेत. मग गाडी सुरू करून गरम होऊ द्या. एसी बंद ठेवून आयडलवर हा आकडा तीस ते चाळीसच्या दरम्यान यावा. पन्नास-पंचावन्न दिसला तर कुठून तरी हवा चोरून आत येतेय, किंवा व्हॉल्व्ह टायमिंगकडे बघायला हवं.

सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही बघा. तीन-चार अंशांच्या फरकाने सारखे असले पाहिजेत. एक पंचवीस आणि दुसरा उणे चाळीस दाखवत असेल तर सोलापुरात बर्फ पडलेलं नाही. त्या सेन्सरचा कनेक्टर सुटलाय किंवा वायर तुटलीय. शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत वायर उंदराने कुरतडलेली असते, हे मी सगळ्यात आधी बघतो. उलट मे महिन्यात दुपारी गाडी वीस मिनिटं उन्हात बंद ठेवून परत चालू केलीत आणि आतल्या हवेचं तापमान पासष्ट-सत्तर दिसलं, तर घाबरू नका. बॉनेटखालची कोंडलेली उष्णता आहे ती. गाडी पुणे नाक्याकडे पळवली की दहा मिनिटांत उतरते.

बॅटरीचा व्होल्टेज. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा. नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त चार्ज करतो, तो भाग वेगळा. पण आकडा साडेअकराला आला असेल तर बाकीचे कोड वाचत बसू नका. कमी व्होल्टेजवर गाडी वाट्टेल ते कोड देते, एबीएसपासून स्टीअरिंगपर्यंत. म्हणून मी स्कॅनरच्या आधी मल्टिमीटर हातात घेतो आणि बॅटरीच्या अर्थची वायर बॉडीला बसते तिथला गंज खरवडून काढतो.

आता तुमच्या गाडीसाठी सगळ्यात कामाची गोष्ट: फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ठरवतो की इंधन किती टक्के वाढवायचं किंवा कमी करायचं. शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर ठीक. अधिक वीस-पंचवीसच्या घरात गेली की पी०१७१ पडतो, 'मिश्रण पातळ' असा. कोड इथे थांबतो. ट्रिम मात्र पुढचं सांगतो. आयडलला ट्रिम जास्त आणि अडीच हजार आरपीएमला कमी होत असेल तर हवा गळतेय: व्हॅक्यूमचा पाइप, इनटेकचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. उलट आयडलला बरा आणि लोडवर, म्हणजे तुळजापूरच्या घाटात, वाढत जात असेल तर इंधनच कमी पडतंय: पंप, फिल्टर, चोक झालेले इंजेक्टर. एका कोडची दोन कारणं, आणि दोन्हींची बिलं वेगळी.

यात दोन गोष्टी मिसळतात. एक, इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने बनवतात ते पेट्रोलमध्ये येतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. दहा टक्क्यांच्या हिशेबाने बनवलेली जुनी गाडी ट्रिम चार-पाच टक्के वर नेते. हा बिघाड नाही, पण दुसऱ्या कारणाने ट्रिम आधीच काठावर असेल तर हे चार टक्के लाइट लावायला पुरतात.

दोन, तुमचं किट. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) असेल तर त्याचा वेगळा ईसीयू, म्हणजे स्वतःचा कॉम्प्युटर, असतो. तो पेट्रोल इंजेक्टरचे सिग्नल पकडतो आणि त्यावरून गॅसचे इंजेक्टर चालवतो. गाडीच्या मूळ ईसीएमला वाटतं आपण पेट्रोलच सोडतोय. गॅसचं ट्यूनिंग पातळ असेल तर ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि ईसीएम ट्रिम वाढवत नेतो. मग तुम्ही पेट्रोलवर येता, वाढलेला ट्रिम तसाच असतो, आणि आता मिश्रण घट्ट होतं, गाडी धूर टाकते, झटके मारते. किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरचा एम्युलेटर बसवला असेल तर गॅसवर स्कॅनरला दिसणारा सिग्नल बनावट आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. आणि किटचा ईसीयू कुठल्याही ओबीडी स्कॅनरला दिसत नाही, पंचवीस हजारांच्याही नाही. त्याला त्या किटची केबल आणि त्या किटचं सॉफ्टवेअर लागतं, ते फिटरकडे असतं. "सगळं येतं यात" असं म्हणणाऱ्या दुकानदाराला हा एक प्रश्न विचारा.

मिसफायरचं थोडक्यात. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडर चुकतायत किंवा कुठला ते ठरत नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर. पी०३०२ आला आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर दोन नंबरची कॉइल तीनवर बसवा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०३ आला की कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. यासाठी स्कॅनर पाचशेचाही पुरतो. आणि पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला म्हणून लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलू नका. आधी मिसफायर आणि सायलेन्सरची गळती संपवा. कन्व्हर्टर महाग आहे, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्या कुणाच्या पापाने मेलेला असतो.

मग पंचवीस हजारांचा टॅब कुणासाठी? ज्याला एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टीअरिंग, बॉडी कंट्रोल या बाकीच्या मॉड्यूलमध्ये शिरायचं आहे आणि गाडीला हुकूम द्यायचे आहेत त्याच्यासाठी. साधा स्कॅनर फक्त इंजिनचं ऐकतो. मोठा स्कॅनर पंखा चालू करून दाखवतो, एबीएसचा पंप फिरवून ब्रेकची हवा काढतो, डिझेल इंजेक्टर बदलल्यावर त्याचा कोड गाडीत भरतो, स्टीअरिंग अँगल शून्यावर आणतो. चार-पाच गाड्या घरात असतील किंवा शेजारपाजारच्यांचीही कामं करत असाल तर विचार करा. लाँच, ऑटेल, फॉक्सवेल यांचे बरे आहेत. पण एक गोष्ट लेखी घ्या: तुमच्या मॉडेलचं, तुमच्या सालाचं, कुठलं मॉड्यूल उघडतं. या चिनी यंत्रांच्या यादीत अमेरिकन आणि युरोपियन गाड्या शेकड्याने असतात, आणि टाटा-महिंद्राच्या नावाखाली कधी नुसता इंजिनचा सामान्य मेनू असतो. तुमच्याच गाडीवर लावून दाखव म्हणा. अपडेट किती वर्षं फुकट आणि नंतर काय भाव, तेही विचारा. एअरबॅगच्या कामात घरी हात घालू नका, स्कॅनर कितीही मोठा असला तरी.

एकाच कंपनीची गाडी असेल तर मधला रस्ता असतो. फोर्डला फोरस्कॅन, फोक्सवॅगन-स्कोडाला व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन. जवळपास कंपनीच्या यंत्राइतकं आत जाता येतं, आणि खर्च टॅबपेक्षा कितीतरी कमी. फोर्डवाल्यांनी तर हे घेऊनच ठेवावं, कंपनीने इथलं उत्पादन बंद केल्यापासून जाणता मेकॅनिक शोधणं सोपं राहिलेलं नाही.

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. कॉमन रेल इंजिन सेल्फ मारूनही उचलत नसेल तर रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा, आकडा दाखवणारा स्कॅनर सोन्याचा. सेल्फ मारताना दाबच तयार होत नसेल तर इंजेक्टरची परत गळती किंवा पंप, आणि दाब येऊनही उचलत नसेल तर शोध दुसरीकडे. बीएस-सिक्स डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. फक्त नवी पेठ ते सात रस्ता अशी फिरणारी गाडी तो जाळून साफ करू शकत नाही. आठवड्यातून एकदा पंढरपूर किंवा अक्कलकोटला जाऊन या, देवदर्शनही होईल. स्कॅनरने उभ्या गाडीत जबरदस्तीने रिजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळणं, करता येतं, पण त्या वेळी सायलेन्सर सहाशे अंशांच्या आसपास तापतो. घराच्या पोर्चमध्ये किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करून ते करायचं नाही.

डोंगल घेणार असाल तर बाकीच्या बारीक गोष्टी. आयफोनला जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल जोडत नाही. वाय-फायवाला किंवा लो एनर्जी ब्लूटूथवाला बघा. अँड्रॉइडला दोन्ही चालतात. अ‍ॅपमध्ये एकदम वीस आकडे उघडू नका. के-लाइन हळू आहे, वीस मागितले की प्रत्येकाचा आकडा काही सेकंद शिळा येतो आणि ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ निरर्थक होतो. तीन-चारच ठेवा. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनवर चावी बंद असतानाही करंट असतो. समजा डोंगल चाळीस मिलिअँपिअर खातो, तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर गेला. पस्तीस अँपिअर-अवरची लहान बॅटरी, त्यातही जुनी असेल तर, दोन आठवड्यांच्या सुट्टीत गाडी उचलणार नाही इतकी उतरू शकते. शिवाय बहुतेक डोंगलचा पासवर्ड १२३४ असतो. पार्किंगमधला कुणीही जोडू शकतो.

सेकंडहँड गाडी बघायला जातानाही हाच स्कॅनर खिशात ठेवा. कोड बघू नका, 'रेडीनेस मॉनिटर' बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. गाडी रोज चालते म्हणतात आणि सगळे मॉनिटर 'अपूर्ण' दिसतात, तर कुणीतरी आजच सकाळी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. किंमत पाडायला एवढं पुरे.

तुमच्या गाडीचं काम असं करा. पुढच्या वेळी लाइट लागली की काहीही पुसायच्या आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्हींचे फोटो काढा, आणि गाडी तेव्हा गॅसवर होती की पेट्रोलवर ते लिहून ठेवा. हे स्कॅनर सांगणार नाही. मग दोन दिवस नुसत्या पेट्रोलवर चालवा. गरम इंजिनवर आयडलला आणि अडीच हजारांवर ट्रिमचे आकडे घ्या. मग दोन दिवस गॅसवर तेच. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि गॅसवर पंधरा-वीसच्या पुढे जात असेल तर इंजिनला हात लावू देऊ नका. किटच्या फिटरकडे जा, रिड्युसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब आणि गॅसचा फिल्टर बघायला सांगा, आणि तो लॅपटॉप उघडून ट्यूनिंग करायला बसला की हे चार आकडे त्याच्यासमोर ठेवा. दोन्हीकडे ट्रिम सारखाच जास्त असेल तर हवेची गळती आधी शोधा. तेव्हा माझ्याकडे येण्याआधी इनटेकच्या नळ्यांचे क्लॅम्प एकदा स्वतः आवळून बघा.